पुराने खरडलेल्या जमिनीची पुनर्बांधणी

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीस आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांची अपरिमित हानी केली. करकंबच्या ईशान्येस, माढा तालुक्यातील उंदरगाव, दारफळ आदी गावांच्या शिवारांत अतिवृष्टीचे पाणी आणि सीना-कोळेगाव, चांदणी व खासापुरी या प्रकल्पांतून सोडावे लागलेले पाणी एकत्र आले व नदीने पात्र सोडले. गेलेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येते. परंतु कित्येक ठिकाणी पिकाखालची जमीनच वाहून गेली. भीमाकाठच्या शेतकऱ्यांनीही ऑक्टोबर 2020 चा पूर आठवून या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

पुराचे नुकसान दोन प्रकारचे असते. काही शेतांत गाळ वा वाळू साचते, तर काही शेते मुरुमापर्यंत खरडली जातात. साचलेला बारीक गाळ वाफशावर कुळवाने फोडून मातीत मिसळता येतो. वाळूचा थर पातळ असल्यास खोल नांगरटीने मिसळावा, जाड असल्यास तो काढूनच टाकावा. खरी अडचण खरडलेल्या शेताची आहे.

तिचे मान साध्या हिशेबाने कळते. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावर केवळ एक इंच माती पसरावयाची म्हटली, तरी सुमारे 36 ब्रास लागते. सहा इंचांस 218 ब्रास! पंचनाम्यात क्षेत्राची नोंद होते; ते क्षेत्र किती खोल खरडले हेही शेतकऱ्याने मोजून ठेवावे, कारण खर्च खोलीवर ठरतो. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य शासनाने अशा जमिनींसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख व रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली. रोख रक्कम एकरी सुमारे 19,000 रुपये होते. तेवढ्यात साऱ्या शेतावर मातीचा हात फिरविल्यास इंचभर थरही पडत नाही, आणि पडला तरी पहिल्या वळवाने जातो.

यास्तव सर्व शेत एकाच वर्षी भरण्याचा हव्यास धरू नये. प्रथम समपातळीवर बांध घालावेत आणि पाण्यास सांडव्याने वाट करून द्यावी. बांधाआधी माती आणणे म्हणजे ती पुन्हा नदीस देणे होय. त्यानंतर दरवर्षी 10 गुंठ्यांचा एक पट्टा घ्यावा. सहा इंचांच्या थरास 54 ब्रास पुरतात व बैठकीत बसून हा खर्च आखता येतो. तलावातील गाळ आणण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. सामू 8.5 च्या वर असल्यास तो गाळ फुकट मिळाला तरी घेऊ नये. चोपण झालेली जमीन सुधारणे मुरुमापेक्षा कठीण असते.

उरलेले क्षेत्र पडीक ठेवण्याचे कारण नाही. पावसाच्या आरंभी एकरी 20 ते 25 किलो ताग पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. जेथे तेवढीही माती नाही, तेथे हुलगा किंवा मटकी घ्यावी. बियाण्यास रायझोबियम चोळावे. उघड्या पडलेल्या थरात हे जीवाणू फारच थोडे असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस येथे एका आग्रहास तोंड द्यावे लागते. कर्ज डोक्यावर असल्याने शेतकरी नव्या मातीत लगेच ऊस लावू पाहतो. त्याची निकड खरी आहे. तथापि सहा इंच माती व खाली मुरूम अशा जमिनीत पाणी टिकत नाही, आणि बेण्याचा व खतांचा खर्च कर्जात भर घालतो. अशा पट्ट्यात पहिली दोन-तीन वर्षे खरिपात कडधान्य आणि रब्बीत हलक्या जमिनीस योग्य अशी फुले अनुराधा ज्वारी घ्यावी. थर वाढून जमीन मध्यम झाली की फुले सुचित्रा किंवा मोहोळ येथे निवडलेली मालदांडी घेता येईल. प्रत्येक पावसाळ्यानंतर पट्ट्यात चार ठिकाणी पहार ठोकून मातीची खोली पाहावी व वहीत टिपून ठेवावी.