खरा आकडा लिहिणाऱ्याला ओरडा नको

तुझा मेसेज वाचला गं. ‘ताई, मला प्लँटमध्ये डेटा कल्चर उभं करायला सांगितलंय, आणि नक्की काय उभं करायचं ते कुणीच सांगत नाहीये.’ पुढे ओळीने रडके चेहरे. आधी ते चेहरे पूस बघू. चेन्नईजवळ ओरगडमला बदली, भाषा येत नाही, हॉस्टेलच्या इडलीकडे बघवत नाही आणि त्यात हे नवं खातं गळ्यात पडलंय. घाबरायला होणारच. पण तुला झेपणार नाही असं त्यात काही नाही. तुझ्या साहेबांना वाटतंय की भिंतीवर मोठा टीव्ही लावला, त्यावर रंगीत आलेख फिरायला लागले की आलं कल्चर. तसं नसतं हे तुलाही आतून कळलंय, म्हणून तर झोप उडालीये.

खरं सांगू का, असा टीव्ही मीही लावून बसलेय, चाकणच्या एका व्हेंडरकडे. इतके रंग भरले होते मी त्यात, की एका सुपरवायझरने गंभीरपणे विचारलं, “मॅडम, यात मॅचचा स्कोअर कुठे दिसतो?”

तेव्हा पहिला आठवडा लॅपटॉप उघडूच नकोस. लाइनवर जाऊन उभी राहा, तेही दुसऱ्या शिफ्टला, साहेब घरी गेल्यावर. रिजेक्शनचं रजिस्टर कुठे ठेवलंय ते बघ. ते कोण भरतं आणि कधी भरतं, तेवढंच बघ. दर तासाला एक रकाना असतो ना, ते आठही रकाने एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच तिरक्या अक्षरात भरलेले दिसतील. शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं, बसची वेळ गाठायच्या घाईत! मोजमापांचे आकडे तर इतके सरळ रेषेत की मायक्रोमीटर हातातही घेतलेला नाही हे लांबूनच ओळखू यावं. मशीन का बंद पडलं त्याची यादीही बघ. पन्नास कारणांचे पन्नास कोड, आणि महिनाअखेरीला सगळ्यात उंच खांब कुणाचा? ‘इतर’चा. पन्नास कोड शोधायला वेळ कुणाला आहे गं? ऑपरेटर कुठलंतरी एक बटण दाबून पुन्हा कामाला लागतात. यात आळस नाही आणि लबाडीही नाही. त्या आकड्यांचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही.

आता आपल्या घरचं कालनिर्णय आठव. दुधाचा खाडा त्याच्यावर लिहायला आईला कधी ट्रेनिंग द्यावं लागलं का? पाहुणे असोत, सणवार असो, खाडा लिहिला जायचाच, कारण महिन्याच्या शेवटी दूधवाल्याशी हिशेब तिलाच करायचा असायचा. लिहिणारी तीच आणि त्या लिहिण्याचा फायदा घेणारीही तीच. तुझ्या लाइनवर लिहितो एक, बघतो दुसरा आणि बोलणी खातो पुन्हा पहिलाच. सगळी गोम इथे आहे बघ, ही सुटली की बाकीचं हळूहळू होतं.

म्हणून तुझं पहिलं काम काही नवीन सुरू करण्याचं नाही, बंद करण्याचं आहे. प्रत्येक फॉर्म घे आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचार, या आकड्यावरून कोण, काय ठरवतं? उत्तर आलं नाही तर रकाना काढून टाक. ‘ऑडिटला लागतो’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या ऑडिटला ते विचार, नुसत्या सवयीने भरले जाणारे कितीतरी निघतील. पन्नास कोडांचे सात-आठ कर आणि तेही ऑपरेटरांना विचारूनच. त्यांचं काम आधी हलकं केलंस की मग ते तुझं ऐकून घेतील. नाहीतर तू म्हणजे ऑफिसातून आलेली आणखी एक मॅडम, आणखी एक कागद घेऊन!

दुसरं काम जरा चिकट आहे, शब्दांच्या सीमा ठरवण्याचं. ‘रिजेक्शन किती?’ म्हणून प्रॉडक्शनला विचार, क्वालिटीला विचार आणि स्टोअरला विचार. तीन आकडे येतील, आणि तिघंही खरंच बोलत असतील. एकाने रीवर्क करून वाचलेला नग धरलेला नसतो, दुसऱ्याने सेटिंगचे पहिले नग सोडलेले असतात, तिसरा भंगाराचं वजन सांगत असतो. यावरून मला आपले पांडुरंग सुखात्मे आठवतात. साताऱ्याकडच्या बुध गावचे, जन्म १९११ चा, लंडनला शिकून आलेले संख्याशास्त्रज्ञ, पुढे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या पदावर गेले. चाळीसच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवरून त्यांचा थेट दुसऱ्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाशी, महालनोबिसांशी वाद झाला होता. शेतातला अगदी छोटा तुकडा कापून त्यावरून सगळं उत्पन्न काढलं, तर ते जास्तच येतं, असं सुखात्म्यांनी दाखवून दिलं. कारण किती साधं! तुकड्याच्या कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे तिथला माणूस ठरवतो, आणि त्याचा कल ते आत ओढण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी ही कडेची रोपं भारी पडतात. तुझ्याही लाइनवर अशी कडेची रोपं आहेत. ओरखडा किती लांब असला की रिजेक्ट? रीवर्क झालेला नग कुठे लिहायचा? तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसव, भांडू दे त्यांना, आणि जे ठरेल ते एका पानावर, खऱ्या नगांचे फोटो लावून, तमिळमध्ये आणि हिंदीत लिहून काढ. ओडिशा-बिहारची मुलंही असतील ना तुमच्याकडे? मग फोटो मोठे लाव.

आता भीतीचं बोलू. हे माझ्याशिवाय तुला कुणी सांगणार नाही.

समज, हजार नगांमागे रोज आठ-दहा रिजेक्ट होतात. काल सात झाले, आज अकरा. सकाळच्या मीटिंगला साहेब टेबलावर हात आपटतात, “चार वाढलेच कसे?” आता त्या शिफ्टच्या माणसाला काहीतरी कारण द्यावंच लागतं, म्हणून तो एक रचतो. उद्या आकडा आपोआप खाली येतो आणि साहेबांना वाटतं, ओरडल्याचा गुण आला! परवा पुन्हा वर जातो. अशा चार मीटिंगा झाल्या की तो माणूस शहाणा होतो आणि अकराचे नऊ लिहायला लागतो. सातावरून अकरा हे त्या प्रक्रियेचं नेहमीचं हेलकावणं आहे गं, त्यामागे वेगळं कारण शोधून काही सापडत नाही. अठरा-वीस झाले तर धावायचं, किंवा कितीतरी दिवस सलग सरासरीच्या वरच राहिले तर. हे ओळखण्यासाठीच वॉल्टर शुहार्टने १९२४ मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोनच्या धंद्यात राहून तो कंट्रोल चार्ट काढला. शंभर वर्षं झाली त्याला, आणि तो कागदावर पेन्सिलीने काढता येतो. महालनोबिसांनी १९४७-४८ मध्ये त्याला भारतातही बोलावलं होतं. अमेरिकेतल्याच डेमिंगने १९५० मध्ये हीच विद्या जपान्यांना शिकवली, आणि कारखान्यातून भीती हाकलून द्या हे त्याच्या चौदा सूत्रांतलं एक होतं.

आणि हे सगळं जपानलाच जमतं असं म्हणू नकोस. तुझ्या चेन्नईतच पाडी नावाचा भाग आहे, तिथल्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक्स विभागाला १९९८ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं. तेव्हा ओरगडमला हे मोठे कारखाने नव्हतेच. रेनो-निसान २०१० ला आलं, डाइमलर २०१२ ला, रॉयल एनफिल्ड २०१३ ला. तुमच्या भागातल्या जुन्या सुपरवायझरांत पाडी-अंबत्तूरकडे घडलेला एखादा अण्णा नक्की सापडेल. त्याला शोध, त्याच्याबरोबर कॉफी पी. कन्सल्टंटपेक्षा तो तुझ्या जास्त कामाचा.

प्लँट हेडशी मात्र एकटीनेच बोलायचं, दार लावून. स्पष्ट सांग, “सर, नोंदी खऱ्या व्हायला लागल्या की पहिले दोन-तीन महिने आकडे वाईट दिसतील. काम बिघडलेलं नसेल, झाकलेलं उघडं पडत असेल. तेवढे महिने या आकड्यांवरून कुणाचा इन्सेंटिव्ह कापायचा नाही, मेमो द्यायचा नाही.” हा शब्द घेतल्याशिवाय सुरू करू नकोस. हो म्हणाले नाहीत, तर एकच लाइन मागून घे आणि तेवढ्यापुरता शब्द घे. आवाज कापला तरी चालेल, वाक्य पुरं कर.

तुझी मैत्रीण जिल्हा परिषदेत लागलीये म्हणालीस, आणि ‘सरकारात कसलं आलंय डेटा कल्चर’ म्हणून तिने नाक मुरडलं म्हणे. तिला म्हणावं, ज्या राज्यात तुझी मैत्रीण राहते तिथलं बघ. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, साठ्याची नोंद कॉम्प्युटरवर, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे प्रत्येक सरकारी दवाखान्याला दिलेलं पासबुक. आपल्या वाट्याचं किती, उचललं किती, उरलं किती, ते डॉक्टरच्या हातातल्या वहीत. म्हणजे तो आकडा राजधानीत नुसता साठून राहिला नाही, ज्याला औषध लागतं त्याच्या हातात परत आला. केरळ-राजस्थानने पुढे हाच साचा उचलला. बाळंतपणात दगावलेल्या बायकांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी करायची पद्धतही या राज्याने नव्वदच्या दशकातच सुरू केली. अशा चौकशीचं पथ्यच असं, की नाव घ्यायचं नाही आणि बोट दाखवायचं नाही. रक्त वेळेवर मिळालं नाही का, गाडी उशिरा आली का, एवढंच शोधायचं. नाहीतर कुठला डॉक्टर खरं लिहील?

उलटं उदाहरण आपल्याकडचं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतंय? फोन धड चालत नव्हते, आणि पोषण ट्रॅकर अॅप होतं इंग्रजीतलं. ज्या बाई घरोघर जाऊन पोरांची वजनं घेतात, त्यांना त्यांच्याच भाषेत नोंद करता येऊ नये! पेपरांत त्याला आंदोलन म्हटलं. मला विचारशील तर तो त्या अॅपचा सगळ्यात प्रामाणिक फीडबॅक होता. तुझ्या मैत्रिणीने काही नवं बसवायच्या आधी एक दिवस कुठल्याही अंगणवाडीत बसून यावं, खरंच.

तुझं नवं सॉफ्टवेअर आत्ता राहू दे. डेमो देणारे गोड बोलतात, आणि त्यांच्या डेमोमध्ये ‘इतर’ नावाचा खांब कधीच नसतो. सध्या एक्सेल पुरे. लाइनजवळ एक पांढरा बोर्ड लाव. कालचे तीन मोठे दोष, त्यातल्या कुठल्यावर काय केलं आणि कुणी सुचवलं, एवढंच त्यावर. तेही आजच्या शिफ्टच्या आधी, महिन्याने नाही. चूक कुणाची झाली त्याचं नाव नको, सुचवणाऱ्याचं नाव मात्र ठळक. पहिल्यांदा एखाद्या अक्काचं नाव त्या बोर्डावर येईल, ‘फिक्स्चरवरचा चिकट तुकडा हिने दाखवला’ म्हणून, त्या दिवशी बाकीच्या तुझ्याकडे येऊन सांगायला लागतील, तू फक्त तिथे उभी राहा. आणि ओन्नु, रेंडु, मूणु तरी पाठ कर गं. मी ‘एट्टु’ आणि ‘एळु’मध्ये अजून गडबडते आणि भाजीवाली दर वेळी हसून एक लिंबू जास्त टाकते, पण तुझ्या कामात सात-आठची गडबड परवडायची नाही.

साहेब तीन महिन्यांनी विचारतील, काय केलंस? तेव्हा दाखवायला काहीतरी हवंच, मला कळतं ते. एक लाइन, एक दोष, आधीचा चार्ट आणि नंतरचा चार्ट. एवढंच दाखव, पण ते इतकं घट्ट असू दे की क्वालिटीवाल्याला आणि प्रॉडक्शनवाल्याला एकच आकडा सांगावा लागेल. वर ‘एआय कधी आणणार?’ असंही विचारतील. हसून म्हण, “सर, आधी रजिस्टर दर तासाला भरलं जाऊ दे.” फार टोचेल वाटलं तर ‘पुढच्या टप्प्यात’ म्हण, तेही खोटं नाही.

एखाद्या रविवारी तंजावरला जाऊन ये. आपल्या सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपर ठेवले होते, दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून, उपचाराची नोंद करून. सरस्वती महाल ग्रंथालयाकडे आहेत ते. दोनशे वर्षांपूर्वी मराठी माणसाने तमिळ मुलखात बसून केलेलं हे काम आहे, तुला जरा बरं वाटेल.

पण आधी सोमवार. दुसरी शिफ्ट, डबा बरोबर घे, कॅन्टीनवर विसंबू नकोस. सेफ्टी शूजमध्ये जाड मोजे घाल, नाहीतर टाचा सोलून निघतील. रजिस्टरच्या दोन-तीन पानांचा फोटो मला पाठव, नावं झाकून. आणि प्लँट हेडशी बोलणं झालं की फोन कर, नऊच्या आत. नंतर मी झोपते.