सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी उलट्या थांबेनात

मुलगी जेवली की उलटी करते आणि रिपोर्ट नॉर्मल येतात, एवढ्यावरून कुणी तिला मनोरुग्ण ठरवत असेल, तर हे जरूर वाचा.

टायफॉइडनंतर माझ्या लेकीचं वजन झपाट्यानं उतरलं. ताप गेला, पण चार घास खाल्ले की पोट तटतटायचं आणि थोड्या वेळानं हिरवी-पिवळी कडू उलटी. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, ॲसिडिटीच्या गोळ्या बदलून झाल्या. मग आमचे पोटाचे डॉक्टर तिच्यादेखत मला म्हणाले, "हल्लीच्या मुलींना बारीक व्हायचं वेड असतं. जरा कडक व्हा." अठरा वर्षांची पोर मान खाली घालून ऐकत होती. मी सांगू पाहत होते की डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली की तिला आराम पडतो. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि केसपेपरवर खाण्याच्या मानसिक विकाराची शंका लिहिली.

दुसऱ्या शहरातल्या सर्जननी नेमकं हेच ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "डाव्याच कुशीवर?" त्यांनी सीटी अँजिओग्राफी करून घेतली. स्क्रीनवर बाजूनं दिसणारं चित्र होतं. महाधमनी आणि तिच्यातून फुटून आतड्याकडे जाणारी धमनी यांच्या कोनातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जातो. हा कोन साधारण 38 ते 65 अंशांचा असतो आणि मधली जागा 10 ते 28 मिलिमीटर. वजन उतरलं की तिथली चरबीची गादी झिजते, कोन मिटतो, आतडं चिमटतं. लेकीचा कोन 20 अंशांच्याही आत होता. चिमट्याच्या अलीकडे आतडं फुगलेलं, पलीकडे रिकामं. उलट्यांनी वजन घटत होतं, वजन घटल्यानं चिमटा आवळत होता, आणि आम्ही तिला "खात नाहीस" म्हणून बोलणी ऐकवावीत असा त्या डॉक्टरांचा सल्ला होता!

याला सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम किंवा विल्की सिंड्रोम म्हणतात. एडिंबराचे सर्जन डेव्हिड विल्की यांनी 1927 मध्ये 75 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण आजार दुर्मीळ असला तरी रुग्णाचं ऐकून घ्यायला काय जातं?

आता कामाचं सांगते. एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. नेहमीची दुर्बीण बहुधा या चिमट्याच्या जागेपर्यंत जातच नाही. सीटी करताना कोन आणि अंतर मोजून रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. खाण्याचा मानसिक विकार खरोखर असला, तरी वजन उतरल्यामुळे हा चिमटा बसू शकतो. म्हणून मानसिक कारण निघालं तरी स्कॅन टाळू नये.

लगेच ऑपरेशनच करावं लागतं असं नाही. आधी वजन वाढवून पाहतात. नाकातून चिमट्याच्या पलीकडे नळी टाकून पातळ अन्न देतात. ते हळूहळूच वाढवायचं. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक घसरतं. त्या दिवसांत रक्ततपासण्यांचा कंटाळा करू नका.

लेकीला त्यानं पुरेसा उतार पडला नाही, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. छोट्या छिद्रांतून, फुगलेला भाग पुढच्या आतड्याला जोडून अन्नाला नवी वाट करून दिली. सर्जनना स्पष्ट विचारा, हे ऑपरेशन तुम्ही स्वतः केलंय का? विचारायला संकोच कसला? दुसरं मत घ्या, धीर सोडू नका, हे तर सगळेच सांगतात.

आणि केसपेपरवर काय लिहिलंय ते त्याच दिवशी वाचा. त्या एका ओळीवरून विमा कंपनीनं आमचा क्लेम अडवला आणि लेक हॉस्पिटलात असताना मी खुलासे लिहीत बसले. तपासणीविना शेरा मारला असेल, तर तिथल्या तिथे आक्षेप घ्या, तोही लेखी.