समलिंगी व्यक्तींचे समुपदेशन : एक अभ्यास

समलिंगी आकर्षणाविषयी आपल्या घरांत सहसा बोलले जात नाही. मुलगा किंवा मुलगी लग्नाला सतत नकार देते, कारण सांगता येत नाही, घरात अबोला येतो. अखेरीस वडीलधारी मंडळी सांगतात, 'एकदा लग्न लावून द्या, सारे सुरळीत होईल.' या सल्ल्याने एक नव्हे, दोन आयुष्यांची फरफट होते. म्हणून सभासदांनी व विद्यार्थ्यांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठीत अशा प्रश्नांना निर्भयपणे उत्तरे देण्याचे काम प्रा. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७ ते १९५३) केले. वाचक पत्राने खाजगी प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांची भीती दूर करणारी उत्तरे छापीत. समलिंगी संबंधांचा प्रश्नही त्यांत होता. या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांना शंका असतील तर शास्त्राच्या आधारे त्यांचे निरसन करणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मुद्दा हरला नाही.

पुढे शास्त्राने त्याच दिशेने पाऊल टाकले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी आकर्षणाला आजारांच्या यादीतून वगळले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. आकर्षण 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळविले.

तेव्हा आजार नाही तर समुपदेशन कशासाठी? उत्तर असे की, त्रास आकर्षणाचा नसतो. तो भीतीचा, लपवाछपवीचा आणि अपमानाचा असतो. समुपदेशनाची प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे :

१) व्यक्तीला तिच्या शब्दांत बोलू द्यावे. आपण तिच्यावर शिक्का मारू नये.

२) ऐकलेली गोष्ट तिच्या परवानगीवाचून आईवडिलांनाही सांगू नये.

३) बरे करण्याचे आश्वासन देऊ नये आणि लग्नाचा उपाय सुचवू नये.

४) घरी केव्हा व कोणाला सांगावे, हे तिनेच ठरवावे. शिक्षण किंवा नोकरी हातची जाईल, घराबाहेर काढतील, असा धोका असल्यास घाई करू नये.

५) कायदा खरा सांगावा. संबंध गुन्हा नाहीत. मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

६) पालकांचेही ऐकावे. 'आमचे कुठे चुकले?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. संगोपनातील चुकीमुळे असे होत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून द्यावे.

आपल्या पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि या विषयावर मराठीतून पुस्तके लिहिली. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

जन्मावरून माणसाला हलके लेखणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. आपल्यातील एखादे लेकरू भीतभीत बोलू लागले, तर बाबासाहेबांनी न्यायालयात कोणाची बाजू घेतली होती, याचे आपण स्मरण ठेवावे.