माल भरून ठेवायचा का? शंभर पोती ढेपेचा हिशोब

व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून आज तोच विषय इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या कळमेश्वर-सावनेर-काटोल पट्ट्यात नवीन धंदेवाल्याला एक सल्ला हमखास मिळतो: "भाव वाढणार आहे, भरून ठेव." जिनिंग चालू असताना सरकी ढेप मुबलक असते, उन्हाळ्यात चारा कमी झाला की मागणी वाढते. सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. भाव किती वाढेल हे सगळे सांगतात. किती वाढला तर आपलं फिटेल, हे कोणी सांगत नाही.

समजा डिसेंबरात १,८०० रुपयांनी १०० पोती ढेप घेतली आणि गोडाऊनमध्ये टाकली. भाव मी हिशोबासाठी धरलाय, तुम्ही तुमचा टाका. पैसे गुंतले १,८०,०००. दीड टक्क्याने महिन्याचं व्याज २,७००. गोडाऊनचं भाडं १,५००. उंदीर, बुरशी, वजनातली घट मिळून एक टक्का धरा, म्हणजे १,८००. बेरीज ६,०००. पोत्यामागे दर महिन्याला ६० रुपये.

एप्रिलपर्यंत चार महिने झाले, २४० रुपये चढले. म्हणजे २,०४० ला विकलं तर हाती शून्य! २,००० ला विकणारा "पोत्यामागे २०० सुटले" म्हणून पेढे वाटतो, खरं तर त्याचे ४,००० गेलेले असतात.

"सर, पैसे माझेच आहेत, व्याज कसलं?" हा प्रश्न येणारच. तेच पैसे एफडीत असते किंवा त्यातून सीसी खातं कमी केलं असतं, तर काहीतरी मिळालं किंवा वाचलं असतं ना? ते लिहायचं. शेअर घेऊन ठेवला तर त्याला उंदीर खात नाही, गोडाऊन लागत नाही. माल हीसुद्धा गुंतवणूकच आहे, पण खर्च मागणारी. म्हणून तिच्याकडून जास्त परतावा मागायला हवा.

मग कोणीच साठा करू नये का? तसं नाही. गिऱ्हाईक दारात आलं आणि "ढेप संपली" म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातं, कदाचित कायमचं. माल हाताशी असण्याचा हा जो फायदा आहे, तो अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३९ मध्ये सिद्धांतात मांडला. पुढे होलब्रुक वर्किंग यांनी तो धान्यबाजाराच्या साठ्याला लावून दाखवला. गंमत अशी की हा फायदा प्रत्येक पोत्याला सारखा नसतो. पहिली दहा पोती दुकान चालवतात, शंभरावं पोतं नुसतं पडून असतं. आणि बाजारात सगळ्यांकडेच साठा असेल, तर हाताशी माल असण्याला किंमतच उरत नाही.

याचं उदाहरण विदर्भाने पाहिलंय. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १२,००० च्या वर गेला. माल कमी होता, गिरण्यांना हवा होता. केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये आयात शुल्क काढलं, तरी भाव काही काळ तगला. ज्याच्या घरात कापूस होता तो जिंकला. पुढच्या हंगामात अनेकांनी तोच भाव डोळ्यांसमोर ठेवून कापूस घरात ठेवला. पण आता सगळ्यांच्याच घरात होता, आणि जगात सुताची मागणी मंदावली होती. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव ७,००० च्या आसपास उतरला. वर घरातली जागा गुंतली, वजन घटलं, उधारीचं व्याज चढलं.

आणखी एक गोष्ट बघा. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर वगैरे ठेवून शेतकऱ्याला ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी. व्यापाऱ्याचा माल तिथे चालत नाही. म्हणजे तेच पोतं शेतकऱ्याने सांभाळलं तर वर्षाला ६ टक्के, तुम्ही सांभाळलं तर १८. भाव वाढायची वाट बघणं त्याला परवडतं, तुम्हाला नाही. भाव तर दोघांना एकच मिळणार आहे!

आपल्याला नागपूर जवळ आहे. सांगितलेला माल बहुतेक दुसऱ्या दिवशी येतो. रोज ४ पोती खपत असतील तर ४० पोती म्हणजे दहा दिवसांचा साठा, आणि कळमेश्वरच्या दुकानाला तो भरपूर झाला. त्यावर जे आहे तो सट्टा. सट्टा करायचाच असेल तर करा, माझी ना नाही. फक्त तो वेगळ्या पानावर लिहा, दुकानाच्या नफ्यात मिसळू नका.

आज रात्री दुकान बंद करताना सगळ्यात जास्त पैसे अडकलेल्या पाच वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे तीन आकडे: साठा किती दिवस पुरेल, नवीन माल किती दिवसांत येतो, महिन्याला नगामागे खर्च किती चढतो. पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून खरेदीची ऑर्डर कशी काढायची ते बघू.