संत्र्याचा रस : पेल्यातला आणि खोक्यातला

दोन संत्री घ्या. नागपुरी मिळाली तर उत्तम. ती सोलून फोडी बिया व पांढऱ्या पापुद्र्यांसकट चांगल्या चेचा, रस गाळून दोन पेल्यांत ओता. पहिल्या पेल्यातील रस लगेच चाखा. दुसऱ्यातील रस उकळून, थंड करून मग चाखा. पहिला आंबट-गोड लागेल, दुसरा मात्र कडवट. न उकळता काही तास नुसता ठेवलेला रसही हळूहळू कडू होतो. असे का व्हावे?

संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यांत एक बेचव पदार्थ असतो. फळ अखंड असते तोपर्यंत त्याची व रसातील आम्लाची गाठ पडत नाही. चेचल्यावर ती पडते, आणि त्या पदार्थाचे ‘लिमोनिन’ नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होऊ लागते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. दहा लाख भाग रसात लिमोनिनचे पाच-सहा भाग असले, तरी जिभेला ते कळते! नागपूरच्या संत्र्याला चव आहे, सुगंध आहे, तरी त्याचा रस बाटलीत भरणाऱ्यांना या कडवटपणाने फार त्रास दिला आहे. त्यावर उपाय म्हणजे बिया न चिरडता हलक्या दाबाने रस काढणे, किंवा लिमोनिन शोषून घेणाऱ्या रेझिनच्या थरातून तो गाळणे.

पण मुळात रस तापवायचाच कशाला? कारण त्याचे शत्रू दोन आहेत. पहिला शत्रू यीस्ट, बुरशी आणि आम्लात वाढणारे काही जीवाणू. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते, म्हणजेच रस आंबतो. लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की बेताच्या उष्णतेने हे जीव मारता येतात. अमेरिकेतील दंतवैद्य टॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये ही युक्ती द्राक्षरसाला लावली. चर्चमधील विधीसाठी त्यांना न आंबलेला रस हवा होता. गंमत पाहा, पाश्चरांनी जी रीत वाइन टिकावी म्हणून काढली, तीच वेल्च यांनी वाइन होऊ नये म्हणून वापरली.

दुसरा शत्रू फळाच्या आतलाच. संत्र्याचा रस गढूळ दिसतो तो त्यातील पेक्टिनमुळे. रसातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, या पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की ते कॅल्शियमशी जोडले जाऊन तळाशी बसते आणि वर पिवळसर पाणी उरते. हे विकर यीस्टपेक्षा चिवट असते. म्हणून कारखान्यात रस सुमारे ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंदच तापवून झटकन थंड करतात. जास्त वेळ तापवला तर शिजल्यासारखा वास येतो.

इथे आम्ल मदतीला येते. बोट्युलिझम या घातक विषबाधेस कारण होणाऱ्या जीवाणूची बीजे सामू ४.६ च्या खाली रुजत नाहीत, आणि संत्र्याच्या रसाचा सामू साडेतीन ते चारच्या आसपास असतो. उसाच्या रसाचा सामू मात्र पाचच्या वर. शिवाय त्यात भरपूर साखर आणि लवकर काळे पाडणारी विकरे. गुऱ्हाळावरचा तो ताजा पेला बाटलीत बंद करणे इतके अवघड का, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

रस दूर पाठवायचा तर त्यातील पाणी काढून तो दाट करतात. थोडे गणित करा. १०० किलो रसात साखर वगैरे विरघळलेले पदार्थ ११ किलो असतात असे धरा. दाट रसात त्यांचे प्रमाण ६५ टक्के हवे असेल, तर एकूण वजन सुमारे १७ किलो होईल. म्हणजे ८३ किलो पाणी उडवायचे! ते उघड्या कढईत उडवले तर चव जाईल; म्हणून हवेचा दाब कमी करून, म्हणजे उत्कलनबिंदू खाली आणून उडवतात. वाफेबरोबर सुगंधही निघून जातो. तो वेगळा पकडून पुढे परत मिसळतात.

आता खोके. त्याचा बहुतेक भाग कागदी पुठ्ठा, आत-बाहेर पॉलिथिनचे थर, आणि मध्ये एक सहस्रांश सेंटिमीटरहूनही पातळ असा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो प्रकाश आणि ऑक्सिजन अडवतो. ‘क’ जीवनसत्त्वाला ऑक्सिजन फार बाधतो. खोक्याचा कागद गरम हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करून, गरम हवेने वाळवून, निर्जंतुक जागेतच त्यात थंड रस भरतात. म्हणून अशा रसाला परिरक्षक रसायनाची गरज पडत नाही. खोके उघडले, की हा सारा बंदोबस्त संपतो. मग ते शीतपेटीत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. न उघडताच फुगलेले खोके मात्र टाकूनच द्यावे.

घरच्या स्क्वॅशची गोष्ट निराळी. तेथे साखर, आम्ल आणि रसायन मिळून काम करतात. संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालते, पण जांभळाच्या रसात घातले तर रंग उडतो. तेथे सोडियम बेंझोएट वापरतात.

शेवटी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. दाट रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचे ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्द काढून टाकावेत, असा आदेश भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. आणि ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून जे विकतात, त्यात कित्येकदा १० टक्क्यांच्या आसपासच रस असतो. २०० मिलिलिटरच्या खोक्यात तो झाला २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. उरलेले बहुतेक पाणी आणि साखर. पुढच्या वेळी दुकानात दोन-तीन खोकी उलटून हा आकडा शोधा, आणि प्रत्येकात किती चमचे रस निघतो याचा तक्ता वर्गात लावा.