अश्वपृष्ठव्रण आणि खोगीर : निदानपरिवर्जनाचा विचार

मनोरसारख्या ग्रामीण भागात वैद्याकडे व औषधी दुकानदाराकडे जनावरांच्या व्याधींविषयीही विचारणा होते. लग्नसराईत वरातीचे घोडे बाळगणारे पाठीवरील व्रणासाठी मलम मागतात. रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे खासगी मोटारींना प्रवेश नसल्याने प्रवासी व माल यांची वाहतूक दीर्घकाळ घोडे व तट्टू यांवर होत आली आहे. तेथे तर हा प्रश्न नित्याचाच. म्हणून या विषयाचा थोडक्यात विचार करू.

हा व्रण मूलतः आगंतु होय. पीडन, घर्षण व साचलेला स्वेद ही त्याची कारणे. कारण कायम ठेवून केलेले रोपण व्यर्थ ठरते. बोलीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी भर. तट्टूच्या पाठीला मात्र ही भरतीच सांभाळते.

घोड्याचा पाठीचा कणा भार सोसण्यासाठी नाही. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर समप्रमाणात पडावा आणि कण्यावर मोकळी पन्हळ राहावी. घोंगडी अथवा नमदा घातल्यावर मधला भाग जिनाच्या कमानीत वर ओढून घ्यावा. केस उलटे होऊ नयेत, घडी व शिवण खाली येऊ नये. लोकर भार पसरविते व घाम शोषते. गोणपाट खरखरीत असल्याने त्वचा घासतो. जाड भरती अधिक सुखकर, हा समज चुकीचा आहे. जीन मुळात घट्ट असता जाड नमदा, तंग जोड्यात जाड मोजे घातल्याप्रमाणे, दाब वाढवितो. व्रणाभोवती नमद्याला भोक पाडल्यास भोकाच्या कडेवर नवा दाब येतो.

सुश्रुतसंहितेत व्रणबंधाचे गाढ, सम व शिथिल असे तीन प्रकार सांगून पृष्ठासाठी समबंध सुचविला आहे. तो मनुष्याच्या व्रणाचा विधी असला तरी ‘फार घट्ट नको, फार सैल नको’ हे तारतम्य येथेही उपयोगी पडते.

परीक्षण सोपे आहे. जीन उतरताच पाठ पाहावी. सर्वत्र घाम असून एखादा डाग कोरडा दिसला, तर तेथे दाब अधिक असण्याची शंका घ्यावी. उष्णता, सूज, स्पर्शासहत्व तपासावे. पांढऱ्या केसांचे ठिपके बहुधा जुन्या इजेची खूण असतात. नमदा धुऊन, साबणाचा अंश काढून उन्हात वाळवावा. प्रत्येक जनावराचा नमदा स्वतंत्र असावा, अन्यथा त्वचारोग पसरतात.

भारवाही जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टूवर 70 किलोपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. जिनाची कमान व खांद्यांमधील उंचवटा यांत पुरेसे अंतर ठेवणेही त्याच नियमांत बंधनकारक आहे.

शालिहोत्रापासून अश्ववैद्यकाची स्वतंत्र परंपरा असली, तरी आज पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे कार्यक्षेत्र आहे. जात्यादी तैलात तुत्थ असते. जनावरे परस्परांस चाटतात, हे ध्यानात घेऊन त्याची बाटली सहज हाती देऊ नये. औषधी दुकानदाराने प्रथम एवढेच विचारावे : “जीन उतरविले आहे का?” व्रण पूर्ण भरून येईपर्यंत पाठीवर भार नको, हे सांगावे व पशुवैद्यकाकडे पाठवावे. विक्री एका बाटलीने घटेल. परंतु मुके जनावर व त्यावर पोट असलेले कुटुंब, दोघांचेही हित साधेल.