शंभर वॉटचं करिअर

मित्रांनो, एफएम ट्रान्समीटरचा ब्लॉक डायग्राम आपण सगळ्यांनीच कधी ना कधी काढलेला आहे. परीक्षेतला हमखास प्रश्न! मायक्रोफोन, ऑडिओ अॅम्प्लिफायर, मॉड्युलेटर, पॉवर अॅम्प्लिफायर, अँटेना. पाच चौकोन आणि चार बाण काढले की मार्क मिळतात आणि आपण तो विसरून जातो. पण हाच डायग्राम एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत खराखुरा उभा असतो आणि तो चालता ठेवायला माणूस लागतो, हे प्लेसमेंटच्या धावपळीत कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. विषय आहे सामुदायिक रेडिओ, म्हणजेच कम्युनिटी रेडिओ, आणि त्यात इंजिनिअरला काय करता येईल हा प्रश्न.

आधी थोडा इतिहास

रेडिओचा गावासाठी उपयोग ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पण माईक मात्र शहरातच होता.

माईक गावात यायला बराच वेळ लागला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्र चालवायची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं.

त्याच काळात बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला एक दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण घरगुती ट्रान्समीटरवर राघव एफएम चालवत होता. अँटेना बांबूवर बांधलेली, श्रोते आसपासच्या गावांतले. परवाना नसल्यामुळे २००६ मध्ये ते बंद करण्यात आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवं धोरण आलं आणि स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले झाले. मात्र व्यक्तीला परवाना मिळत नाही. ना-नफा संस्था हवी आणि तिचं त्या भागात काम हवं. म्हणजे आपल्यापैकी कुणाला यात उतरायचं असेल, तर पहिली पायरी ट्रान्समीटर नाही, माणसं आहेत!

१०० वॉट म्हणजे किती?

नियमाप्रमाणे अशा केंद्राची प्रभावी प्रसारित शक्ती, म्हणजे ईआरपी, साधारणपणे १०० वॉटपर्यंत असते. आता गंमत बघा. ट्रान्समीटर घ्यायचा तो ५० वॉटचा. मग १०० वॉट येतात कुठून?

५० वॉट म्हणजे १७ डेसिबल वॉट. समजा केबल आणि कनेक्टरमध्ये १ डेसिबल गेला, उरले १६. अँटेनाचा गेन समजा ४ डेसिबल, झाले २०. आणि २० डेसिबल वॉट म्हणजे बरोब्बर १०० वॉट. अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही. आकाशात आणि जमिनीत वाया जाणारी शक्ती ती क्षितिजाकडे वळवते. टॉर्चचा आरसा जे करतो तेच.

अँटेनाची उंची जमिनीपासून किमान १५ मीटर आणि जास्तीत जास्त ३० मीटर. ९०.४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते ३.३२ मीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल साधारण १.६६ मीटरचा. आपल्या उंचीएवढाच म्हणा ना! ३० मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज सूत्राने काढलं तर २२ किलोमीटरच्या पुढे जातं. तरी धोरणात अपेक्षा ५ ते १० किलोमीटरचीच आहे. कारण सूत्रात डोंगर नसतो, गावात असतो. शक्ती कमी, मध्ये टेकडी, घरातला रेडिओ स्वस्तातला. म्हणून नकाशावर कंपासने वर्तुळ काढून भागत नाही. हातात रेडिओ घेऊन वाडीवाडी फिरावं लागतं.

केंद्र गप्प का होतं?

सर्वांत जास्त त्रास कशाचा, तर पाणी, वीज आणि अर्थिंग या तिघांचा. टॉवरवरच्या कनेक्टरचं सीलिंग सैल झालं की पावसाळ्यात केबलमध्ये ओल शिरते. मग अँटेनाकडे गेलेली शक्ती परत फिरते. एसडब्ल्यूआर दीड असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ झाला तर ११ टक्के. ५० वॉटच्या ट्रान्समीटरवर हेच आकडे २ वॉट आणि साडेपाच वॉट होतात. आणखी वाढला तर चांगला ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो किंवा बंद पडतो. साधा असेल तर जळतो.

आता विचार करा. दुरुस्तीवाला शहरातून येणार, त्याला वेळ मिळेल तेव्हा. तोपर्यंत केंद्र आठ दिवस मुकं. रोज संध्याकाळी रेडिओ लावणारी बाई पहिल्या दिवशी वाट बघते, दुसऱ्या दिवशी बघते, तिसऱ्या दिवशी दुसरं स्टेशन लावते. ती परत येईलच असं नाही. मोठ्या वाहिनीचा एक श्रोता गेला तर कुणाला कळतही नाही. दहा किलोमीटरच्या केंद्राचं मात्र सगळं भांडवलच तेवढं असतं.

मग इंजिनिअरचं काम काय?

आपल्याला वाटतं, बिघडलं की दुरुस्त करणं. ते आहेच. पण माझ्या मते खरं काम वेगळं आहे. आपल्यावाचून केंद्राचं अडू नये अशी व्यवस्था करणं.

हे कसं होतं ते तेलंगणातल्या माचनूरला दिसलं. त्या वेळच्या मेदक जिल्ह्यातल्या या गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांचं संघम रेडिओ १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं. चालवणाऱ्या दलित समाजातल्या शेतकरी महिला. परवाना येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत होत्या आणि संघाच्या बैठकीत ऐकवत होत्या. मिक्सर हाताळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लागतं ते नीट शिकवणारं कुणीतरी. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र २००८ पासून माणदेशाच्या बोलीत बोलतंय. रामेश्वरजवळ पांबनला २०१६ मध्ये मच्छीमारांसाठी कडल ओसै सुरू झालं. समुद्रात जाणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज त्याच्या भाषेत मिळणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून एक साधी वही ठेवायची. रोज प्रसारण सुरू झालं की मीटरवरचे दोन आकडे लिहायचे, पुढे जाणारी शक्ती आणि परत येणारी शक्ती. भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत कागद लावायचा, ‘परत येणारा आकडा २ च्या वर गेला तर फोन करा, ५ च्या वर गेला तर ट्रान्समीटर बंद करा.’ संध्याकाळच्या ताईंना एसडब्ल्यूआरची व्याख्या नाही आली तरी चालेल. वही वाचता आली की बिघाड पंधरा दिवस आधी दिसतो. शंभर पानांच्या इंग्रजी मॅन्युअलपेक्षा हा कागद मोलाचा आहे.

पैशाचं काय?

हा प्रश्न घरी विचारला जाणारच, तेव्हा खरं उत्तर देऊन टाकू. आयटी कंपनीएवढा पगार इथे नाही. बरीच केंद्रं मातृसंस्थेच्या आधारावर चालतात. जाहिरातीला मर्यादा आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तासाला १२ मिनिटं, आधी ७ होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. त्यामुळे एका केंद्रावर पूर्णवेळ संसार चालवणं अवघड. पण देशात अशी पावणेपाचशेहून जास्त केंद्रं झाली आहेत आणि प्रत्येकाला कधी ना कधी तंत्रज्ञ लागतो. चार-पाच केंद्रांची देखभाल, जोडीला सौरऊर्जा, ध्वनियंत्रणा किंवा नेटवर्किंगची कामं, असा मेळ घालता येतो. इथला अनुभव आकाशवाणी, खाजगी एफएम आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांकडे जाताना उपयोगी पडतो, कारण इथे स्टुडिओपासून टॉवरच्या टोकापर्यंत सगळं एकाच माणसाला बघावं लागतं.

आजपासून काय करता येईल?

१. जवळच्या केंद्रावर सुट्टीत पंधरा दिवस काम मागा. पहिले दोन दिवस फक्त ऐका.

२. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर संपादन शिका. मुलाखतीतला पंख्याचा आवाज काढण्यापेक्षा मुलाखतीआधी पंखा बंद करणं सोपं, हे तेव्हाच कळेल.

३. नियम वाचा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा ऐकवता येतात. हवामान, पाणी-वीज, परीक्षा, नोकऱ्या, आरोग्य, आपत्ती यांची माहिती देता येते. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो.

४. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी तयार किट आणण्याऐवजी केंद्राची अडचण घ्या. परत येणारी शक्ती वाढली की एसएमएस पाठवणारं सर्किट, लोडशेडिंगसाठी सौर बॅकअप, तीन महिन्यांचं ध्वनिमुद्रण आपोआप साठवणारी यंत्रणा.

५. परवान्याशिवाय अँटेना जोडू नका, तो गुन्हा आहे. प्रयोग करायचे ते ५० ओहमच्या डमी लोडवर.

मित्रांनो, सगळ्यांनीच गावाकडे जावं असं माझं म्हणणं नाही. पण ज्याला जायचंय त्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्रात आपण किती वर्षं होतो यापेक्षा, आपण रजेवर असताना संध्याकाळचं प्रसारण वेळेवर सुरू झालं का, यावर आपलं काम मोजलं जाईल. तो ब्लॉक डायग्राम पुन्हा एकदा काढून बघा. मायक्रोफोनच्या डावीकडे एक चौकोन राहून गेलाय. तिथे बोलणारा माणूस असतो.